चिंध्यांची वही

जालन्याच्या नावामागे एक विणकर आहे, अशी आख्यायिका आहे. रामायणकाळी सीतेचा इथे मुक्काम होता म्हणून गावाला जनकपूर म्हणत. पुढे इथल्या एका सधन मुसलमान दात्याच्या इच्छेवरून ते नाव बदलले. हा गृहस्थ धंद्याने जुलाहा, म्हणजे कापड विणणारा. जुलाह्याचे ते जालना. आख्यायिकेकडे कोणी पुरावा मागू नये. पण एखाद्या गावाला आपले नाव राजाऐवजी विणकराकडून आले असे सांगावेसे वाटते, तेव्हा तिथे कधीकाळी मागाला मान असावा असे मानायला हरकत नाही.

आजच्या जालन्यात माग शोधायला निघालात तर पायपीट होईल. शहर बियाण्यांचे आणि लोखंडी सळयांचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, आणि २००२ साली देशात बीटी कापसाच्या पहिल्या वाणांना परवानगी मिळाली ती याच कंपनीच्या. हंगामात जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. आत सरकी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, ट्रक भरतो आणि जिल्ह्याची हद्द ओलांडतो. कापड म्हणून तो कापूस परत येतो तेव्हा त्याच्यावर इचलकरंजी, भिवंडी नाहीतर सुरतेचा शिक्का असतो. पैठण शेजारीच आहे, पण तिथला माग रेशमाचा आणि लग्नाच्या पैठणीचा. रोजच्या नेसण्याचे सुती लुगडे, पंचा, धोतर, उपरणे विणणारे साळी, कोष्टी, मोमीन यांचे माग मराठवाड्यातून जवळजवळ गेले.

मग ते कापड गेले कुठे? पुष्कळसे अंगावरच विरले. काही बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्याची स्टीलची पातेली झाली. आणि जे उरले ते गोधडीच्या तळाशी आहे.

हा विचार डोक्यात यायला निमित्त झाले जपानी हातरुमालांचे. तिकडे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या हातविणीच्या कापडाचे बोटभर तुकडे पाहून, त्यांतल्या रेघा आणि चौकटी उचलून हातरुमाल काढतात. नक्षी अगदी साधी: निळ्यावर पांढरी बारीक रेघ, करड्यावर तपकिरी चौकट. आपल्याकडचा माणूस म्हणेल, यात काय विशेष, आजीच्या लुगड्यात असेच होते. बरोबर आहे. पण आजीच्या लुगड्यात नेमके कसे होते, निळे धागे किती आणि पांढरे किती, हे आज आपल्याला सांगता येत नाही. त्यांना येते, कारण त्यांनी ते चिकटवून ठेवले आहे.

त्या चिकटवहीला जपानीत ‘शिमाचो’ म्हणतात, म्हणजे रेघांची वही. जपानच्या सरंजामी एदो काळाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खेड्यापाड्यांतल्या घरोघरी कापड विणले जाई, आणि विणणाऱ्या बहुधा बायका. एखादे कापड मनासारखे उतरले की त्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कापून वहीत डकवायचा. वहीसाठी कोरा कागद कोण वाया घालवणार? जुन्या जमाखर्चाची पाने उलटी करून शिवायची आणि त्यांवर तुकडे लावायचे. त्यामुळे कित्येक वह्यांत कापडाच्या आडून तांदळाचा हिशोब डोकावतो. शेजारणीकडे चांगली रेघ दिसली तर तिच्याकडून चिंधी मागून आणायची. मुलगी सासरी जाताना वही बरोबर न्यायची. पुढे कापड गिरणीतून येऊ लागले, माग माळ्यावर गेला, पण वह्या राहिल्या. काही संग्रहालयांत गेल्या, काही जुन्या बाजारात विकायला आल्या, आणि तिथून त्या आजच्या कापड-कलावंतांच्या हाती लागल्या.

एवढ्याशा चिंधीतून पुरे कापड परत कसे उभे राहते, हे समजून घेण्यासारखे आहे. साध्या विणीच्या कापडात दोनच गोष्टी असतात: उभा ताणा आणि आडवा बाणा. मागावर ताणा एकदा लावला की लावला. त्यात रंगांचा जो क्रम भरला तोच शेवटच्या हातापर्यंत चालतो. उभी रेघ म्हणजे ताण्यातल्या रंगांची मोजदाद. बाण्यातही तसाच क्रम धरला की चौकडा होतो. म्हणून विणकर तुकडा हातात घेतो तेव्हा आधी भिंग लावतो आणि मोजतो. समजा, निळे १२, पांढरे २, निळे ४, पांढरे २, आणि पुन्हा निळे १२. एवढे कागदावर लिहिले की रेघ हाती आली. मग एका सेंटिमीटरात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, ते मोजायचे. समजा सेंटिमीटरला २० धागे आले. मग ४५ सेंटिमीटरच्या रुमालाला ९०० धाग्यांचा ताणा, वर आकसण्यासाठी थोडे जास्त. कडेचा एक धागा उसवून त्याचा पीळ उजवा की डावा ते बघायचे. धागा जाळला आणि जळक्या कागदासारखा वास येऊन मऊ राख पडली तर सूत. जळक्या केसाचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. वितळून गोळी झाली तर टेरिलिनची भेसळ. धागा किती बारीक, हे सुताच्या नंबरावरून कळते. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो त्या सुताचा नंबर. नंबर वाढेल तसे सूत बारीक.

राहिला रंग, आणि तो तर कापडाची जन्मतारीखच सांगतो. आपल्याकडचा जुना तांबडा आलीच्या मुळीपासून निघे. युरोपात १८६८-६९च्या सुमारास अलिझरीन हा कृत्रिम तांबडा सापडला आणि पुढच्या काही वर्षांत आलीची शेती मोडली. कारखान्यात तयार झालेली नीळ १८९७ साली बाजारात आली आणि निळीची लागवड बसली. त्यामुळे रसायनशाळेत धागा तपासला की एखादी चिंधी साधारण कोणत्या काळाच्या अलीकडची हे ठरवता येते. जुन्या दस्तऐवजात कागद खोटा असू शकतो, शाई खोटी असू शकते. पोटासाठी विणलेल्या लुगड्यात खोटेपणा करायला कोणाला वेळ होता!

आता गोधडीकडे वळतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी वाकळ कडेने उसवून बघितली तर वरचा थर बहुतेक नायलॉनच्या किंवा टेरिकॉटच्या साडीचा निघतो. तो मागाहून, वरचे कापड फाटल्यावर चढवलेला. त्याखाली गिरणीचे छापील पातळ. आणि अगदी आत, उजेडापासून दडलेले, सुती लुगडे. त्याला बहुधा दंड घातलेला असतो. लुगडे आधी नेसून मधोमध विरायचे, तेव्हा विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन धड तुकडे जोडून पुन्हा नेसायचे. त्या जोडाला दंड म्हणत. दंडाचे लुगडे हे गरिबीचे चिन्ह, पण त्याची शिवण पाहावी. काठाला काठ असा बेमालूम मिळवलेला असतो की उलटा करून बघितल्याशिवाय सापडत नाही. ते लुगडेही विटले की त्याची झबली, दुपटी, कुंच्या निघायच्या आणि उरलेले गोधडीत जायचे.

गोधडीला जुनेच कापड लागते, आणि त्याला काटकसरीपलीकडचे कारण आहे. नव्या कापडात खळ असते आणि ते धुतल्यावर आटते. दोन नवी कापडे वेगवेगळी आटली की गोधडी वेडीवाकडी ओढली जाते. शंभर वेळा धुतलेले कापड आटायचे तेवढे आटून झालेले असते आणि सुई त्यातून लोण्यासारखी जाते. टाका साधा धावदोरा. पण तो कडेपासून सुरू होतो आणि चौकोनाला फेरे घेत घेत आत सरकतो, मधोमध संपतो. ओळींमध्ये बोटभर अंतर. टाक्यांच्या दोन ओळींमधले कापड किंचित फुगते, थरांमध्ये हवा अडकते, आणि ऊब त्या हवेची असते. टाके दाट असले की थर सरकत नाहीत. वीस-पंचवीस वर्षे वापरून वरचा थर गेला तरी आतला जागच्या जागी राहतो तो यामुळेच.

म्हणजे आपली गोधडी हीसुद्धा एक चिकटवहीच आहे, फक्त पाने आतून शिवून टाकलेली. माझ्या मते मराठवाड्यातल्या सुती हातमागाचा सगळ्यांत मोठा संग्रह कोणत्याही सरकारी कपाटात नसून खेड्यांतल्या माळ्यांवर आणि खाटांवर आहे. जाफ्राबादपासून घनसावंगीपर्यंत जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, थंडीच्या दिवसांत तो दोरीवर वाळत घातलेला दिसेल.

तुलनेसाठी मन आपोआप जपानकडे जाते, कारण तिथेही असे कापड आहे. उत्तरेकडच्या आओमोरी भागात थंडी इतकी की कापूस पिकत नाही. शेतकऱ्यांच्या अंगावर अंबाडीसारख्या धाग्याचे भरड कापड. त्सुगारूच्या सरंजामदाराने १७२४ साली काटकसरीचा हुकूम काढून शेतकऱ्यांना सुती कपडे वापरायची बंदी केली. सुती कापड नाही तर सुती दोरा तरी, म्हणून बायकांनी भरड कापडाच्या भोकांतून पांढरा दोरा इतका दाट ओवला की वारा आत येईना. ही कोगिन नावाची भरतकामाची पद्धत झाली. ओसाका-क्योतोकडचे जुने सुती कापड जहाजांतून चिंध्यांच्या रूपाने उत्तरेत विकायला येई आणि ठिगळावर ठिगळ चढत जाई. अशा ठिगळांच्या कपड्याला ‘बोरो’ म्हणतात. एकेकाळी त्याची लाज वाटे, आता परदेशी संग्राहक त्यासाठी बऱ्यापैकी पैसे मोजतात. चुझाबुरो तानाका या माणसाने आओमोरीची खेडी पालथी घालून असे कपडे जमवले. त्सुगारू आणि नांबू भागातल्या अशा ७८६ कपड्यांना जपान सरकारने १९८३ साली राष्ट्रीय लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. आपल्या गोधडीला अजून तशी सरकारी दृष्ट लागायची आहे. लागली तर बरे की वाईट, हा वेगळा वाद.

पण बोरो ही गोधडीची बहीण, तर रुमालामागची रेघ ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तिचे मूळ शोधत गेले की ते आपल्याच किनाऱ्याला येऊन लागते. पोर्तुगीज १५४३ साली जपानला पोचले. त्यांच्या मागून हिंदुस्थानी कापड गेले. पोर्तुगीजांना १६३९ साली हाकलल्यावर नागासाकीच्या बंदरातून तेच काम डचांनी चालवले. तोवर जपानी कापडात फुले, पाने, ढग, पक्षी असत. नुसत्या उभ्या रेघांचे कापड त्यांना परके, दर्यापलीकडचे वाटले आणि आवडले. चेन्नईतल्या सांथोमच्या बंदराच्या नावाने एक बारीक सुती रेघ तिकडे प्रसिद्ध झाली. आणि एक पातळ रेशमी रेघ चौलच्या नावाने. हेच आपले अलिबाग तालुक्यातले चौल. तिथे पोर्तुगीजांचा किल्ला होता आणि सोळाव्या शतकात रेशीम विणणाऱ्यांची मोठी वस्ती होती. ‘चौजिमा’ या नावाने हे कापड जपानी सरदारांच्या घेरदार विजारींना वापरत. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोचे विणकर तसे कापड स्वतःच विणू लागले, पण नाव चौलचेच राहिले. आज चौल-रेवदंड्याला जाणारा पर्यटक नारळी-पोफळीच्या बागा बघतो आणि पडका किल्ला बघतो. एका जपानी कापडाला आपले नाव देणाऱ्या त्या विणकरांची तिथे पाटीही नाही.

परदेशी कापड महाग, म्हणून पुरे थान घेणे फार थोड्यांना जमे. बाकीच्यांनी तुकडे घेतले. चहाच्या समारंभात लागणाऱ्या चहापुडीच्या डबीला अशा तुकड्याची पिशवी शिवत. त्या पिशव्यांच्या कापडांना नावे पडली, याद्या झाल्या. मात्सुदाइरा फुमाई या सरदाराने १७८९ ते १७९७ या काळात चहाच्या नामांकित वस्तूंचा जो ग्रंथ छापून घेतला त्यात असे तुकडेही चित्रांसह नोंदवले आहेत. हिकोनेच्या इई घराण्याने जमवलेले हिंदुस्थानी छिटांचे सुमारे ४५० तुकडे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आमच्या बायकांनी आणि रंगाऱ्यांनी हजारो वार कापड बनवले, आणि त्याचे नमुने सांभाळण्याचे काम दुसऱ्याच देशातल्या चहाबाजांनी केले! त्यात रागवण्यासारखे काही नाही. दुर्मीळ वस्तू जपली जाते; आपल्याकडे कापड कधी दुर्मीळ नव्हते.

तसे बघितले तर कापूसच मुळात जपानला परका. सन ७९९ मध्ये मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक परदेशी तरुण लहान होडीतून वाहत आला आणि त्याच्याजवळ कापसाचे बी होते, अशी नोंद जपानी राजबखरीत आहे. परंपरा त्याला हिंदुस्थानचा मानते. ते बी पेरले, पण पीक टिकले नाही. कापसाने जपानात खरे मूळ धरले ते पंधराव्या-सोळाव्या शतकात. तरी आइची परगण्यातल्या निशिओ इथे त्या तरुणाच्या नावाने देऊळ आहे आणि त्याची कापसाचा देव म्हणून पूजा होते. ज्या जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांचे बोर्ड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात तिथल्या लोकांना हा देव आवडावा.

पुढचा टप्पा तुकड्यांचा नाही, गाठींचा आहे, आणि तो समजल्याशिवाय आपल्या लुगड्याचे काय झाले ते कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओसाकाच्या सूतगिरण्यांना कापूस हवा होता. हिंदुस्थानी कापूस आखूड धाग्याचा पण स्वस्त. तो नेण्याचा मक्ता युरोपीय जहाज कंपन्यांकडे, आणि त्या भाडे घेतील ते खरे. जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली, आणि नोव्हेंबर १८९३ मध्ये कोबे-मुंबई जहाजसेवा सुरू झाली. जपानी गिरणीवाल्यांच्या संघाने कापूस याच जहाजांनी आणण्याचे वचन दिले. काही वर्षांतच जपान मुंबईच्या कापसाचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक झाला. वऱ्हाड, खानदेश आणि निजामी मुलखाचा कापूस मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ या नावाने विकला जाई. १९००च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटरगेज रेल्वे जालन्यावरून गेली, आणि तिथल्या कुंडलिका नदीच्या काठावरच्या कादराबादच्या पेठेतला माल बैलगाडीऐवजी वाघिणीतून थेट मुंबईच्या रस्त्याला लागला. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या भरभराटीची, तिच्यात या रुईचा वाटा मोठा.

रुई गेली आणि कापड आले. १९३०च्या सुमारास जपानी कापड इतके स्वस्त येऊ लागले की मुंबईच्या गिरण्यांनीच ओरड केली. सरकारने १९३३ साली ब्रिटिशेतर सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उलट हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला. भाव घसरले आणि त्याचा फटका थेट कापूसवाल्या शेतकऱ्याला बसला. अखेर १९३४ साली करार झाला. तो वाचताना आजही गंमत वाटते, कारण त्यात कापूस आणि कापड एकमेकांना बांधून टाकले होते: जपानने वर्षाला १० लाख गाठी उचलल्या तर त्याला ३२ कोटी ५० लाख यार्ड कापड पाठवता येईल, १५ लाख गाठी उचलल्या तर ४० कोटी यार्ड. शेतकरी, गिरणीवाला, जहाजवाला, सगळ्यांचे प्रतिनिधित्व त्या आकड्यांत होते. गावातल्या मागावर बसलेल्या कोष्ट्याचे नव्हते.

म्हणून गोधडीतल्या लुगड्याविषयी बोलताना भोळा उत्साह नको. ते हातमागाचे असले तरी त्याचे सूत बहुतेक गिरणीचेच असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विणकरांनी चरख्याचे सूत सोडून गिरणीचे सूत घेतले, कारण ते स्वस्त आणि एकसारखे. हातकताईचे सूत भिंगाखाली लगेच ओळखू येते: कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच पीळ सैल. तसा तुकडा सापडला तर तो जुना किंवा खादीच्या चळवळीतला. बाकीच्या लुगड्यांचे मोल सुतात नसून रेघांच्या आणि काठांच्या मांडणीत आहे.

आणि रुमालाला लागते ती मांडणीच. जपानी हातरुमाल हे काही शोभेचे काम नाही. तिथे सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला कागद बहुधा नसतो, म्हणून शाळकरी मुलापासून साहेबापर्यंत प्रत्येकाच्या खिशात रुमाल. त्याआधीपासूनचा त्यांचा देशी रुमाल म्हणजे ‘तेनुगुई’, सुमारे ३५ बाय ९० सेंटिमीटरचा, दोन्ही टोके न दुमडलेली. टोक दुमडले की शिवणीत पाणी साचते आणि कापड लवकर वाळत नाही, म्हणून ते तसेच सोडलेले. आपल्या पंच्याचा तो धाकटा भाऊ. पंचाही डोक्याला, खांद्याला, भाकरी बांधायला आणि घाम पुसायला. आपल्याकडे तर रुमालाने त्याहून मोठी कामे केली: पेशवे दफ्तरातले कागद रुमालांतच बांधून ठेवले होते आणि अभ्यासक आजही ‘अमक्या रुमालातला कागद’ असेच सांगतात.

जुन्या तुकड्यावरून रुमाल करायच्या दोन वाटा आहेत. सोपी म्हणजे तुकड्याचा फोटो घेऊन ती नक्षी तलम सुती कापडावर छापायची. बाजारातले बरेच रुमाल असेच. ते वाईट नसतात, पण रंग एकाच बाजूला बसतो, उलट बाजू फिकट राहते, आणि जिथे निळा ताणा पांढऱ्या बाण्याला छेदतो तिथे जो तिसराच, धुरकट निळा दिसतो तो छपाईत मरतो. दुसरी वाट सूत आधी रंगवून मग विणायची. तिला माग लागतो, ताणा लावायला वेळ लागतो, आणि रुमाल महाग होतो. मला विचाराल तर पहिल्या वाटेचा रुमाल ही जुन्या कापडाची आठवण आहे; दुसऱ्या वाटेचा रुमाल म्हणजे ते कापडच.

दुसरी वाट किती पुढे जाऊ शकते याचा दाखला तांबा प्रांतात मिळतो. ह्योगो परगण्यातल्या या डोंगरी भागात शेतकरी घरचा कापूस कातून रेघांचे आणि चौकड्यांचे कापड विणत. पुढे ते बंद पडले आणि लोक विसरून गेले. यानागी सोएत्सु हा लोककलेचा मोठा जाणकार. तोक्योचे लोककला संग्रहालय त्याने १९३६ साली उघडले. त्याला क्योतोच्या जुन्या बाजारात या कापडाचे तुकडे सापडले. कोणाचे, कुठले, काही पत्ता नव्हता. शोध घेतल्यावर गाव सापडले, आणि १९५०च्या दशकात त्याच गावातल्या लोकांनी तुकडे उसवून, मोजून, रंग पुन्हा झाडपाल्यातून काढून ते कापड परत विणायला घेतले. उसवताना एक गोष्ट कळली. बाण्यात सुताबरोबर अधूनमधून रेशमाचा धागा होता, आणि तोही चांगल्या कोषाचा नव्हे. जे कोष फुटके, डागी, गिरणीने नाकारलेले, ते उकळून हाताने ओढून काढलेला तो जाडाभरडा धागा. त्यामुळे कापडावर मधूनच एक मंद चमक उमटते आणि हाताला ते मऊ लागते.

इथे जालन्याचा माणूस कान टवकारील. कारण २०१८ साली राज्यातली पहिली रेशीम कोषांची खुली बाजारपेठ जालन्याच्याच बाजार समितीत सुरू झाली. तोवर इथल्या तुती लावणाऱ्या शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावे लागे. चांगल्या कोषातून सलग सुमारे एक किलोमीटर धागा निघतो आणि त्यालाच भाव मिळतो. पण प्रत्येक खेपेत काही कोष डागी निघतात, काहींत दोन अळ्यांनी मिळून एकच घर बांधलेले असते, काही फुटतात. त्यांतून सलग धागा ओढता येत नाही; ते हातकताईलाच योग्य. म्हणजे सुती ताण्याला लागणारा कापूस जिल्ह्यात, बाण्यातल्या त्या भरड रेशमाचा कच्चा माल बाजार समितीच्या ओट्यावर, आणि रेघांचे नमुने घरोघरच्या गोधड्यांत. नाही तो मध्ये बसणारा विणकर. तो आणावा लागेल, किंवा पैठणच्या मागावर हात बसलेल्या एखाद्याला सुताकडे वळवावे लागेल. पैठणीवर काम करणारा हात सुती रुमालाला लावणे धंद्याच्या हिशोबात कसे बसेल, हा प्रश्न खरा आहे, आणि नुसत्या अभिमानाने तो सुटणार नाही.

नमुने गोळा करण्याला मात्र कोणाची वाट बघायची गरज नाही, आणि त्यासाठी गोधडी फाडावीही लागत नाही. कडेची शिवण चार बोटे उसवली तरी आतला थर दिसतो. त्याला आधी धुवायचे नाही. धुण्यात रंग जातो आणि विरलेले सूत तुटते. शेजारी मोजपट्टी ठेवून, सावलीत, फ्लॅश न लावता उलट-सुलट दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे. भिंगातून एका सेंटिमीटरातले ताणे-बाणे मोजायचे, रेघांचा क्रम डावीकडून उजवीकडे लिहायचा, काठाची रुंदी टिपायची. लुगडे कोणाचे, ती बाई माहेरची कुठली, कोणत्या बाजारातून घेतले, लग्नातले की नंतरचे, हे घरच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला विचारून लिहायचे. ही माहिती भिंगातून दिसत नाही आणि तिला मुदत आहे. मग शिवण त्याच रंगाच्या दोऱ्याने परत घालायची. अंबडच्या किंवा परतूरच्या एखाद्या महाविद्यालयातली मुले सुट्टीत आपापल्या घरची एकेक गोधडी अशी वाचू शकतात. एका मुलाला एका गोधडीला अर्धा दिवस लागेल. त्यातला बराचसा वेळ आजीला खाट सोडायला तयार करण्यात जाईल.